एकच सायकल

४ एप्रिल, शनिवार

अतुलला फ्रान्सला जायचंय. सायकल चालवायला!

चहा पिता पिता सांगून टाकलं. हा माणूस आयुष्यभर डेट्रॉइटच्या गाड्यांचे ब्रेक डिझाइन करत आला. कोपऱ्यावरची पत्रपेटी उघडायलासुद्धा गाडी काढतो. तो म्हणे सायकल चालवणार! मी म्हटलं, "बरं वाटतंय ना तुला?" तर हसलाही नाही.

८ एप्रिल, बुधवार

जेवणाच्या टेबलावर सगळीकडे नकाशे. नाँत नावाच्या गावापासून एक कालवा निघतो, पार ब्रेस्टपर्यंत. त्याच्या काठाने बारीक खडीची वाट आहे. पूर्वी घोडे होड्या ओढत त्या वाटेने चालायचे, आता सायकलवाले जातात. दोन्ही बाजूंना झाडं, शेतं, गाई.

"बघ ना सुलेखा, एकसुद्धा कार नाही!" हे त्याने इतक्यांदा ऐकवलं की शेवटी मी भाजी ढवळायला उठले. ज्याचं घर कारवर चाललं, त्याला कार नसल्याचं एवढं कौतुक?

"रस्त्याने गेलं तर काय बिघडतं? मधली गावं तरी दिसतील."

"रस्ता नको." विषय संपला.

मीही येणार आहे का, हे मी विचारलं नाही. त्याने सांगितलंही नाही.

११ एप्रिल, शनिवार

रात्री सुवर्णा-सुमंतकडे पॉटलक, प्रत्येकाने एकेक पदार्थ न्यायचा. आमच्याच कॉलनीत, पण छोल्यांचं पातेलं गरम, म्हणून गाडी. निघताना अतुलने किल्ली माझ्या हातात ठेवली. "तू चालव."

आता इथल्या सगळ्या मराठी घरांचा नियम असा, की जाताना नवरा चालवतो आणि येताना बायको. येताना नवऱ्याच्या पोटात बिअर असते ना! पण जाताना? मी सीटबेल्ट लावताना हळूच वाससुद्धा घेतला. आफ्टरशेव्हचा होता.

तिथे वेगळाच घोळ. सुमंत शेजारी येऊन हात पुढे करून उभा, आणि अतुल समोर बघत पापड खातोय! सुमंतने मला गाठलं. "अगं, अतुल चिडलाय का माझ्यावर? मी काय केलं यार?" मला काय माहीत!

किचनमध्ये सुवर्णाचं भलतंच. "साठीला आले की पुरुष एक तर देवधर्माला लागतात, नाहीतर जिमला. ह्याने सायकल काढली. कोणाबरोबर जातोय ते विचार आधी!" सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी येईपर्यंत ते हसू काही टिकलं नाही.

१५ एप्रिल, बुधवार

परत बर्फ. एप्रिलमध्ये! भरदुपारी अतुलने गॅरेजच्या चौकटीला गाडीचा आरसा घासला. म्हणतो, चौकट अरुंद आहे. घर घेतल्यापासून हीच चौकट आहे.

१९ एप्रिल, रविवार

बेसमेंटमध्ये ड्रायरमधून कपडे काढत होते. शेजारच्या खोलीतून अतुलचा आवाज, फोनवर. "नो, नो. जस्ट वन बाइक. यस, फॉर द होल ट्रिप."

एकच.

टॉवेल हातात घेऊन तिथेच बसले. इथे तरी खरं लिहावं. मला भीती वाटतेय. हा मला मागे ठेवून जाणार आहे. आणि आज फ्रान्सला एकटा गेला, तर उद्या आणखी कुठे जाईल? भांडायचं म्हटलं तर कशावरून भांडू, तेही कळत नाही. वर आले तर त्याने माझ्यासाठी आलं किसून चहा केला होता. सोडून जाणारा माणूस आलं किसत बसतो का?

अनिकाला ॲन आर्बरला फोन लावला. म्हणाली, "आई, जस्ट आस्क हिम." आणि गप्प. माझी लेक एवढी गप्प कधीच नसते!

"तुला काही माहितीये का गं?"

"बाबाच सांगेल ना. प्लीज, आई."

म्हणजे हिला माहितीये. घरात मला एकटीलाच काही माहीत नाही.

२५ एप्रिल, शनिवार

आज अतुल विचारतो, "तुला अजून सायकल येते ना?"

पुण्यात वाढलेल्या बाईला हा प्रश्न! कर्वे रोडवरून शोभाला डबलसीट घेऊन कॉलेजला जायचे मी. पोलीस दिसला की ती टुणकन उतरून पायी चालायची, पुढच्या चौकात परत बसायची.

"चढावर पण डबलसीट?"

"चढावर पण!"

केवढा खूश झाला! का खूश झाला? सायकल घेणार एक, आणि वर मला येते का याची चौकशी! वेड लावणार हा मला.

मग मात्र राहवेना. "अतुल, मी येतेय की नाही?"

बघतच राहिला माझ्याकडे. "म्हणजे काय!" एवढंच म्हणाला आणि उठला. डिशवॉशरचं दार उघडं होतं, त्यावर नडगी आपटली. चांगलंच रक्त आलं. मी पुसलं, पट्टी लावली.

'म्हणजे काय' हे काय उत्तर झालं?

२ मे, शनिवार

सकाळी दुकानाच्या ट्रकमधून सायकल उतरली. एकच. लांबच लांब. दोन सीटची! इथे सराव करायला आणलीय. तिकडेही अशीच सांगून ठेवलीय.

अतुल सरळ मागच्या सीटपाशी जाऊन उभा राहिला. "पुढे तू," म्हणाला. "मला समोरचं दिसतं. बाजूचं जात चाललंय. काचबिंदू." अंधारात चालवू नका, असं डॉक्टर आधीच म्हणाले होते. परवा त्यांनी गाडी चालवणं पूर्णच बंद करायला सांगितलं. "गाड्यांवर जन्म काढला गं. तुला सांगायला जीभ उचलेना. दिसतंय तोवर ती वाट बघायचीय. तुझ्याबरोबर."

आधी मी रडले. मग भांडले, अगदी ड्राइव्हवेवर, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. मग आम्ही कॉलनीत एक चक्कर मारली. पहिल्या वळणावर पडता पडता वाचलो.

"डावीकडे सुमंत हात करतोय," मी ओरडून सांगितलं.

मागे वळून पाहिलं तर अतुलने हात वर केला होता.