कात्री कोणाला, आणि कोणत्या अटीवर

मी, वय वर्षे एकोणऐंशी, कॉलेजच्या शिवण विभागातून निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने सांगते आहे. मला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून वकीलसाहेब लिहून घेत आहेत. माझं डोकं ठिकाणावर आहे. काल डॉक्टर तपासायला आले, तेव्हा त्यांच्या कोटाची डावी बाही उलटी फिरलीय हे मी दाखवलं. त्यांनी लगेच दाखला दिला.

नोकरी शिपायाची होती, चिंध्या झाडायची. कोट शिकवायला कधी लागले ते ऑफिसलाही कळलं नाही.

१. ही खोली आणि बँकेतली शिल्लक माझ्या मुलीला. ती माझ्याच वर्गात होती. तिची एक कॉलर मी सगळ्यांदेखत अकरा वेळा उसवायला लावली. आपल्या पोरीला सूट दिली असं कोणी म्हणू नये, म्हणून शेजारी एकदाही बसले नाही. बाराव्या वेळी तिने कॉलेजच सोडलं. आजही तिच्या घरी बटण तुटलं तर जावई लावतात. खोली म्हणजे माफी नव्हे. ती मी तोंडाने मागितली आहे. ती म्हणाली, "उशीर केलास आई. चहा घे."

२. माझं शिलाई मशीन कॉलेजच्या विभागाला. याच मशीनवर मी दुसरी चूक केली. मुलीच्या प्रकारानंतर धसका घेतला होता, म्हणून एका रडणाऱ्या विद्यार्थिनीची बाही मीच बसवून दिली. बाहेरचे परीक्षक म्हणाले, "आता दुसरी आमच्यासमोर लाव." तिने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. ती नापास झाली.

३. मापाची गाठी मारलेली फीत जुन्या विभागप्रमुखांना. "अडाणी बाई काय शिकवणार?" असं ते म्हणाले होते. आकड्यांशिवाय मोजून बघावं त्यांनी.

४. कात्री माझ्या नातीला. ती आज त्याच विभागात प्राध्यापिका आहे आणि आत्ता समोर तोंड फुगवून बसली आहे. सोमवारी तिने शेवटच्या वर्षाच्या एका मुलीच्या कोटाची बाही वर्गासमोर टर्रकन फाडली. चूक खरी होती, खांद्यावर चुण्या पडत होत्या. उसवायलाच हवी होती. पण उसवणं वेगळं, फाडणं वेगळं. ती मुलगी तेव्हापासून वसतिगृहाच्या खोलीबाहेर आलेली नाही. शुक्रवारी कोट जमा झाला नाही, तर तिचं वर्ष गेलं.

नात म्हणते, "आजी, सोपं करून दिलं तर शिकतील कशा?"

"सोपं करू नकोस, बयो. कठीणच ठेव. पण तिथे तिला एकटी टाकू नकोस."

वकील म्हणतात, "आजी, हे मृत्युपत्रात बसत नाही."

"बाहीपण पहिल्या फटक्यात बसत नाही. चिमटीचिमटीने बसवा."

तर अट अशी. नातीने शुक्रवारच्या आत कापड घेऊन त्या मुलीकडे जावं. फाडल्याची माफी मागावी, चूक दाखवल्याची मागू नये. मग मुलगी बाही लावेपर्यंत शेजारी, हात मांडीवर ठेवून बसावं. चुकलं तर सांगावं, पुन्हा उसवायला लावावं. सुईला हात लावू नये आणि उठू नये. हे झालं नाही, तर कात्री त्या मुलीची.

इथवर लिहून होताच नात उठली. कपाटातून कापड काढलं, चपला घातल्या. म्हणाली, "ती दारच उघडणार नाही."

"मग दाराबाहेर बस."

दार आपटून गेली. वकील विचारतात, "मग आता अट खोडू का?"

खोडू नका. जाणं तिला जमतं, तिथवर जाईलही. हात मांडीवर राहतात का, ते अजून व्हायचं आहे.

वरचा मजकूर मला दोनदा वाचून दाखवला. तो माझा आहे.

मृत्युपत्र करणारी: डाव्या हाताचा अंगठा (उजव्याचे ठसे सुईने झिजले)

साक्षीदार: १. शेजारच्या निवृत्त नर्सबाई (सही)
२. तळमजल्यावरचे चष्मेवाले (सही)

ठिकाण: माझी खोली, कटिंगचं टेबल
दिनांक: १२ मार्च, बुधवार