पाळण्यापुढच्या चौकातली सावली

प्रिय दादा,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकला असशील. घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. फोन हाताशी असताना ही बया पत्र कसलं लिहीत बसलीय, असं वहिनी म्हणेलच. तिला सांग, फोनवर तू चौथ्या वाक्याला "बरं, ठेवू का?" म्हणतोस आणि मला आज किमान चारशे वाक्यं बोलायची आहेत. रविवारपासून माझे पाय जमिनीवर नाहीत. कामावरच्या खोलीत, टेबलावर पसरलेल्या नकाशांच्या कडेला कोपरभर जागा करून लिहितेय. अक्षर वेडंवाकडं आलं तर खुशाल हस.

दादा, जमलं! आमच्या खेळण्यांच्या उद्यानाच्या फाटकापासून मोठ्या आकाशपाळण्यापर्यंत सहाशे चाळीस पावलं आहेत. भर उन्हाळ्यात, भर दुपारी ती सगळीच्या सगळी आता सावलीतून चालता येतात. मध्ये एकदाही कपाळावर हात धरावा लागत नाही. तू म्हणशील, झाडं लावली की सावली पडणारच, त्यात तू काय मोठा तीर मारलास? मलाही तसंच वाटायचं. शाळेपासून झाडं आणि वाटाच काढत आलेय मी, तुला माहीतच आहे, तुझ्या वह्यांची मागची पानं त्यातच संपली. पण सावली एका जागी बसत नाही रे. सकाळी दहाला ती बाकावर असते आणि दोनला, जेव्हा माणसाला बाक हवा असतो, तेव्हा बाईसाहेब शेजारच्या फुलांच्या वाफ्यावर जाऊन पसरलेल्या असतात. फुलं गार, माणसं भाजलेली. वर्षानुवर्षं आमच्याकडे हेच चाललं होतं आणि नकाशावर मात्र सगळं हिरवंगार दिसत होतं.

हे मला शिकवलं झाडूवाल्या मावशींनी. चौदा वर्षं त्या ही वाट झाडतात. एकदा माझ्या लक्षात आलं की मावशी डबा खायला रोज एकाच ठिकाणी बसत नाहीत. बाराला तिकीटखिडकीमागे, उशीर झाला तर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, हिवाळ्यात आणखी तिसरीकडेच. मी विचारलं तर म्हणाल्या, "तुम्ही शिकलेली माणसं झाडं मोजता. सावली कुणी मोजायची, माझ्या सासूनं?" दादा, मी तिथल्या तिथे खडूचा डबा आणला. मावशी पुढे, मी मागे. दहा वाजता पांढरी रेघ, बाराला निळी, दोनला लाल, चारला पिवळी. वर्षभर, दर महिन्याला एक अख्खा दिवस. मोठा पाळणा आणि बाकीची यंत्रं सांभाळणारा आमचा इंजिनिअर आहे ना, त्याला मी पाळणेवालाच म्हणते, तो येताजाता टोमणा मारायचा, "बाई, लंगडी खेळताय का? आम्हालाही घ्या." मी म्हटलं, या की, तेवढंच तुमचं पोट कमी होईल. पण त्या रेघा नकाशावर एकत्र उतरवल्या तेव्हा तोही डोकं खाजवत उभा राहिला. लाल रेघ, म्हणजे दुपारी दोनची सावली, जिथे जिथे होती तिथे वाट नव्हतीच! आणि जिथे वाट होती तिथे झाडं नव्हती, बसवलेले पाम होते. पामच्या सावलीत उभं राहायचं तर माणसानं झेंड्याची काठी व्हायला हवं.

आता गंमत ऐक. मी वाटच उचलून सावलीखाली न्यायची ठरवली. सरळ वाट मोडून वळणाची. करड्या काँक्रीटच्या जागी फिकट रंगाच्या फटीफटींच्या विटा, म्हणजे पायाला चटका नाही आणि पाणी खाली मुळांपर्यंत जातं. रुंदी इतकी की दोन बाबागाड्या समोरासमोर आल्या तरी कुणाला वाफ्यात उतरायला नको. आणि पाळण्यापुढचा तो उघडा चौक, तिथे मात्र वाट कुठेही न्या, वर काहीच नव्हतं. तिथे झाडंच हवी होती. मोठी, आयती छत्री धरणारी. नेमकं तेव्हाच मागच्या बाजूचं गाड्यांचं आवार वाढवायचं निघालं आणि तिथली एकोणीस शिरीषाची झाडं तोडायची ठरली. मी व्यवस्थापकांच्या खोलीत अक्षरशः ठाण मांडलं. साहेब सारखे मनगटाकडे बघतात, म्हणून आम्ही त्यांना घड्याळ म्हणतो. घड्याळ म्हणालं, "एवढी झाडं उचलून चौकात? आणि वाट वाकडी? लोक कंटाळतील हो." मी म्हटलं, "साहेब, लोक लांब वाटेला कंटाळत नाहीत, उन्हाला कंटाळतात." शेवटी अट पडली. झाडं हलवा, वाट करा, पण जुनी सरळ वाटही तशीच राहील. ऐन उन्हाळ्यातल्या एका रविवारी दोन्ही उघड्या ठेवायच्या. लोक सरळ वाटेनं गेले, तर झाडं काढून चौकावर पत्र्याचा मांडव.

ती झाडं क्रेननं उचलली तो दिवस मी विसरणार नाही. मुळांचा गोळा गोणपाटात बांधलेला आणि अख्खं झाड हवेत, लहान मुलाला काखेत धरून उचलावं तसं. मावशींनी डोळेच मिटून घेतले. झाडं लावली, टेकू दिले आणि पहिल्या उन्हाळ्यात सगळ्यांनी पानं टाकली. एकूण एक. एकोणीस खराटे उभे! पाळणेवाल्यानं विचारलं, हिरवा रंग मागवू का. मी रोज सकाळी कामाला लागायच्या आधी प्रत्येकाच्या बुंध्याशी पाणी घालायची आणि साल नखानं खरवडून आत हिरवं आहे का बघायची. दोन गेली. त्या दोघांच्या वेळी मी खोलीत जाऊन रडले, हे कुणाला बोलू नकोस. मग एका सकाळी मावशी मला हाताला धरून ओढत घेऊन गेल्या. एका खोडावर, अगदी खालच्या बाजूला, राईएवढे कोंब फुटले होते. मी अशी किंचाळले की फाटकावरचा पहारेकरी काठी घेऊन धावत आला! त्याच दिवशी कोंबांवरून हात फिरवत मावशी म्हणाल्या, "इथं पूर्वी नऊ झाडं होती बघा. मी स्वतः पानं झाडलीत त्यांची. कुणाच्या डोक्यातलं खूळ होतं तोडायचं, कोण जाणे." मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकले.

तो चौक तुला आठवत असणार. तीन वर्षं आपण दोघांनी त्याचं नाव काढलेलं नाही. पाळण्याच्या रांगेत आपली ठमी तुझं बोट धरून उभी होती, सहा वर्षांची, आणि पावणेतीनच्या उन्हात बोट सुटलं आणि ती खाली कोसळली. हनुवटीला चार टाके, सलाईनच्या दोन रात्री, आणि तिसऱ्या दिवशी पोरगी खाटेवर उड्या मारत होती. ती बरी झाली. तू नाही झालास. वहिनीनं मला सांगितलंय, ऊन उतरेपर्यंत तू तिला दाराबाहेर पाऊल टाकू देत नाहीस. शाळेच्या सहलीच्या दिवशी तिला ताप असतो, असं चिठ्ठीत लिहून पाठवतोस. माझ्या कामाबद्दल तू कधी विचारत नाहीस, मीही सांगत नाही. आज पहिल्यांदाच सांगतेय, म्हणून एवढं भडाभडा येतंय.

तर रविवार! सकाळपासून ऊन नुसतं आग ओकत होतं. दोनला मी तापमापक टेकवून पाहिलं, जुन्या वाटेवर सत्तावन्न, सावलीतल्या विटांवर छत्तीस. सरळ वाट समोर स्वच्छ दिसत होती, पाळणा अगदी हाताच्या अंतरावर, आणि माझी वाट सत्तर पावलांनी लांब. पहिलं कुटुंब सरळ वाटेला लागलं. दहा पावलं गेले, आजोबा थांबले, डावीकडे पाहिलं आणि वळले. मागोमाग सगळं लटांबर वळलं. मग पुढचे. मग त्यांच्या मागचे. कुणी पाटी वाचली नाही, कुणाला कुणी सांगितलं नाही, पाणी उताराला लागावं तशी माणसं सावलीला लागली! तीनच्या सुमाराला घड्याळसाहेब पाहणीला आले, मनगटाकडे बघत बघत झपाझप चालले आणि चौकात माझ्यासमोर येऊन थांबले ते झाडाखालीच. मी म्हटलं, "साहेब, वाकडी वाट आहे हो ही." त्यांनी आधी पायांकडे पाहिलं, मग वर. आणि हसले, दादा, मोठ्यानं हसले. संध्याकाळी प्रथमोपचार खोलीतल्या नर्सबाई सांगत आल्या, गेल्या वर्षी याच रविवारी चौदा जण उन्हानं आडवे झाले होते, यंदा एकच आला आणि तोही गरगर फिरणाऱ्या पाळण्यातून उतरलेला. पत्रा रद्द झाला. सतरा झाडं आता कायमची आमची.

सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला एकदम तू दिसलास. दवाखान्याच्या त्या पॅसेजमध्ये डॉक्टरांना सांगत होतास, "माझीच चूक, पाण्याची बाटली मी गाडीत विसरलो." मग वहिनीला तेच. मग आईला. मी तुझा दंड धरून शेजारी उभी होते आणि गप्प होते. दादा, ती नऊ झाडं माझ्या नकाशावरून तोडली. माझं पहिलं मोठं काम होतं ते. फाटकातून पाळणा नीट दिसावा म्हणून मीच लाल पेन्सिलनं नऊ फुल्या मारल्या आणि खाली सही केली. ती असती तर रांग सावलीत असती, बाटली गाडीत राहिली असती तरी ठमी उभी राहिली असती. बोलले नाही ते नोकरीच्या भीतीनं नाही, तू माझ्याकडे ज्या कौतुकानं बघतोस ते जाईल म्हणून. वाटलं होतं, पुन्हा झाडं उभी केली की फिटंफाट होईल. रविवारी कळलं की होत नाही, कारण ज्याच्या डोक्यावर मी हे ठेवलं तो अजून ते वाहतोय. हे सांगायलाच लिहायला बसले आणि इतकी पानं इकडचं तिकडचं बोलत राहिले. वहिनीला वाचून दाखव, आईलाही. तुझं काहीही चुकलं नव्हतं. माझ्यावर हवा तितका, हवा तितके दिवस रागाव, पण ठमीला उद्या दुपारी खेळायला बाहेर सोड.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
शेंडेफळ