मोटर न्हाई, काय न्हाई

मंगळवार, संध्याकाळ
विश्रामबाग, होस्टेल

सकाळी सविताचा रागच आला होता. बायोलॉजीच्या चाचणीत ती वर्गात पहिली, मी कशीबशी पास. खोली एक, बाक एक. मी जीव तोडून पाठ करते आणि ही बया रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन पाटणला वडिलांशी फोनवर गप्पा मारते!

आज वाळलेले कपडे काढायला वर गेले तेव्हा ऐकलं. गप्पा कसल्या? ती त्यांना लेक्चर सांगत होती. मग प्रॅक्टिकल: तेरड्याचं खोड लाल पाण्यात ठेवलं, काप घेतला, पाणी कुठल्या नळ्यांतून चढलं ते पाहिलं. तिचे आप्पा फौजेतून रिटायर, आवाज खणखणीत, फोनबाहेरही ऐकू येणारा. दर वाक्याला, "बरं, मग?" शेवटी म्हणाले, "अगं, पर मोटर न्हाई, काय न्हाई, पाणी वर चढतं कसं?"

सविता म्हणाली, "ते मलाबी न्हाई कळलं, आप्पा. उद्या सरांना इचारती."

म्हणजे वर्गात रोज हात वर करून विचारते ते हे! आणि मला वाटायचं, शायनिंग मारते.

कमाल आहे पोरीची. मोटर न्हाई, काय न्हाई... मला तरी कुठे कळलं होतं? पाठ मात्र होतं.

आत्ताच मेढ्याला आईला फोन लावला. म्हटलं, आज काय शिकले ते सांगू? दुसऱ्याच वाक्याला अडकले.

"थांब गं, गॅस बारीक करती," आई म्हणाली. "हां. मग?"