पुरुच्या अस्थींची फाइल

४ मार्च २०२५, मंगळवार

नाही म्हणाली! सरळ नाही. पुरु तिकडे स्वीडनमध्ये वारला, त्याला सहा आठवडे झाले. मी फोनवर अगदी नीट शब्दांत विचारलं — अस्थी कधी पाठवतेस, आईला नाशिकला न्यायच्या आहेत. तर कारीन म्हणते, पाठवणार नाही. त्याला घरासमोरच्या तळ्यात जायचं होतं म्हणे.

घर! नऊ वर्षं लग्न न करता एकत्र राहिले, त्याला ती घर म्हणते. मी सख्खी बहीण. जन्म दिलेली आई इथे अमेरिकेत, कॅरीत माझ्या घरात बसली आहे. आणि ही कोण?

फोन ठेवला. आईला काही सांगितलं नाही.

१९ मार्च

मध्यस्थी झाली. म्हणजे काहीच झालं नाही. तिकडच्या दफनभूमीच्या ऑफिसातला एक माणूस, कारीन आणि मी, एक तास झूमवर. त्यांची दुपार, माझी सकाळ, ऑफिसला उशीर. कारीन सगळा वेळ खाली बघत होती. मी सोळा संस्कारांपासून सुरुवात केली. त्या माणसाने लिहून घेतलं आणि शेवटी म्हणाला की एकमत होत नाही, म्हणून प्रकरण वर पाठवतो.

वर म्हणजे कुठे? तर लेन्सस्टीरेल्सेन. उच्चार करताना दात पडतील.

संध्याकाळी उर्वीने हॉस्टेलवरून फोन केला. तिला आधीच सगळं शोधून झालेलं. आपल्या वेक काउंटीसारखं नाही म्हणाली. तिकडे जिल्ह्यात लोकांनी निवडलेले वेगळे असतात, ते हॉस्पिटलं वगैरे बघतात. हे ऑफिस त्यांचं नाही. देशाच्या सरकारने प्रत्येक जिल्ह्यात आपलं एक ऑफिस बसवलंय, ते हे. जंगलात लांडगे किती, गोठ्यात गायींना जागा पुरते का, नगरपालिकेने बांधकामाची परवानगी दिली ती बरोबर की चूक — सगळं तेच बघतं. आणि अस्थींवरून घरच्यांचं भांडण झालं तर तेही.

लांडगे मोजणारे माझ्या भावाचं ठरवणार!

‘मॉम, कान्ट यू जस्ट स्प्लिट देम?’ म्हणाली. तिकडे सहसा तसं करू देत नाहीत. आणि दिलं असतं तरी मी अर्धा भाऊ घेतला नसता. तसं तिला म्हटलं.

२ एप्रिल

लेन्सस्टीरेल्सेनच्या बाईचा फोन. नाव आनिका. पहिल्याच वाक्यात मला नीलांबरी म्हणाली — ना मिसेस, ना काही. उच्चार मात्र बरोबर केला. त्याचाही राग आला.

मी तिला विचारलं, तुम्ही कोर्ट आहात का? नाही. लोकांनी निवडून दिलंय का तुम्हाला? नाही. मग कुठल्या अधिकाराने? तिने शांतपणे कायद्याचा क्रमांक सांगितला. मी म्हणाले, बहीण जवळची की लग्न न करता राहिलेली बाई, एवढं तरी तुमच्या कायद्यात आहे का?

“कोण किती जवळचं ते आम्ही ठरवत नाही,” ती म्हणाली. “त्याला काय हवं होतं ते शोधतो. त्याबद्दल तुमच्याकडे जे असेल ते पाठवा.”

मी दिवसभर औषधांच्या परवानगीसाठी एफडीएला द्यायच्या फायली लावते. सरकारी बाई काय बोलते ते मला कळतं. पाठवते म्हटलं. बाबांच्या अस्थी सोडल्या तेव्हाचा रामकुंडावरचा फोटो पाठवला, पुरु गुडघाभर पाण्यात उभा आहे तो. बरोबर चार पानी निवेदन. चार पानं लिहूनही राग उरलाच.

२३ एप्रिल

आता त्यांना आईचं म्हणणं हवंय. तिचं स्वतःचं.

मीच लिहून काढलं. माझ्या मुलाच्या अस्थी गोदावरीत जाव्यात ही माझी इच्छा आहे, वगैरे. आई पोळ्यांची कणीक मळत होती. हात धुतले, चष्मा लावला, सगळं वाचलं. सही केली. मग विचारलं, “ती कारीन जेवते का गं नीट?”

मला काय माहीत! मी कागद घेऊन वर आले आणि दार आपटलं. एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईसमोर. लाज वाटली, पण खाली गेले नाही.

२४ एप्रिल

आईशी बोलले नाही. तीही बोलली नाही.

१४ मे

आनिकाकडून मेल. एका बाजूने काहीही आलं तरी ते दुसऱ्या बाजूला दाखवायचं असा त्यांचा नियम आहे, म्हणून कारीनने पाठवलेलं मला आलं.

वहीतून फाडलेलं एक पान. पुरुचं अक्षर. ‘ट’ची शेपटी लांब ओढायचा तसाच. वर तारीख, २०१४. स्वीडनला जाऊन तीन वर्षं झालेली, कारीन अजून भेटायची होती. मराठीत लिहिलंय — मला इथे काही झालं तर बाबांसारखंच करा. नाशिकला. ताई करेल.

ताई करेल.

सोबत कारीनची चिठ्ठी, दोन ओळींची. टेबलाच्या खणात हे सापडलं. मला ही लिपी वाचता येत नाही. अक्षर त्याचं आहे, म्हणून फाइलमध्ये असायला हवं.

पाठवलं! काय लिहिलंय ते माहीत नसताना. फाडून टाकलं असतं तर जगात कुणाला कळलं असतं? मूर्ख बाई. मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. तासभर गाडीत बसून होते, पार्किंग लॉटमध्ये. तिच्यावर इतकी चिडले की रडूच यायला लागलं. आता भांडू कुणाशी?

२२ मे, गुरुवार

आनिकाचा फोन. त्यांच्या दुभाष्याने पान वाचलं. आता फाइलमध्ये पुरुचं स्वतःचं म्हणणं असं एवढं एकच आहे, आणि ते नाशिकच्या बाजूचं आहे. कारीनकडे फक्त तिचा शब्द. पुढच्या आठवड्यात निर्णय. तो कसा जाईल ते ती बोलली नाही, पण मला कळलं.

कारीनला पानावर काय लिहिलंय ते सांगितलं का, मी विचारलं. सांगितलं. मग काय म्हणाली?

“म्हणाली, मग त्याच्या आईला त्या नीट पॅक करून कशा पाठवायच्या ते सांगा. विमानात चालेल असा डबा हवा.”

मग आनिकाने विचारलं, फाइल बंद करण्याआधी तुमच्याकडे आणखी काही आहे का?

नाही म्हणाले.

खाली येऊन आईला सांगितलं, बहुतेक आपल्यालाच मिळतील. तिने देवापुढे साखर ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली. काय बघतेस, म्हणून मी तिच्यावर ओरडले.

२६ मे, सोमवार

या डायरीलाही सांगितलं नव्हतं. मागच्या ऑगस्टमध्ये पुरुने व्हॉट्सॲपवर तळ्याचा फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं — ताई, नाशिकचं विसर. मी गेलो की मला इथेच सोडा. आईला मी सांगेन हळूहळू. मी उत्तरच दिलं नाही. मार्चपासून रोज उघडून वाचते आहे.

आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तो मेसेज फोटोसकट आनिकाला पाठवला. खालच्या ओळींचं भाषांतर मीच केलं, एक शब्दही न गाळता.