सहा बांगड्यांचा हात

काष्टी, ता. १५ जुलै १९४२

प्रिय लिडियास,

अक्षर पाहून घाबरू नकोस, डाव्या हाताने लिहिते आहे. नऊ दिवसांपूर्वी ओट्याच्या पायरीवरून पाय सटकला आणि सगळा भार उजव्या तळहातावर आला. करंगळीच्या खालचं हाड मोडलं. घरात कुणी नव्हतं. सासूबाई देवळात, मामंजी मळ्यात.

संध्याकाळी सहादेव हाडवैद्य आला. जनावरांची हाडं बसवण्यात त्याचं मोठं नाव. हात चाचपून म्हणाला, "वैनी, आधी बांगड्या काढा, न्हाईतर पट्टी बसायची न्हाई." सूज एवढी की त्या उतरेनात, फोडाव्याच लागल्या असत्या. सासूबाई आडव्या आल्या. "माझा ल्योक लढाईवर हाय. तो येईस्तवर सुनेचा हात मोकळा दिसायचा न्हाई." सहादेवाने लेप लावला आणि "बैलाला सासू नसती त्ये बरं" असं पुटपुटत कामट्या बांगड्यांवरूनच आवळल्या.

मलाही त्या फोडायच्या नव्हत्या. तू म्हणशील, आपण बरोबर मॅट्रिक झालो आणि ही एवढी भोळी कशी? पण त्या सहा बांगड्या ह्यांनी जाताना दौंड स्टेशनाबाहेर स्वतः निवडून भरवल्या होत्या. पूजेला बसले की देवाआधी नजर त्या बांगड्यांवर जाते. देव क्षमा करो.

आता करंगळी बधिर झाली आहे. वळवली की शेजारच्या बोटावर चढते. काल श्रीगोंद्याच्या डॉक्टरांनी कामट्या सोडून पाहिलं. म्हणाले, असंच ठेवलं तर मूठ पुन्हा मिटणार नाही. नगरला तू नर्स आहेस त्याच मिशनच्या दवाखान्यात भूल देऊन हाड सरळ बसवतील, कोपरापर्यंत प्लास्टर घालतील. तेवढ्याने धरलं नाही तर चिरावं लागेल. काहीही केलं तरी बांगड्या आधी जाणार. मामंजींनी सोमवारी निघायचं ठरवलंय. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत, पण रात्री भात मात्र त्यांनीच भरवला.

भुलीची भीती वाटते, चिरण्याची त्याहून. पण तुला लिहिलं ते ह्यासाठी नव्हे. माझा पाय सटकला तो पोस्टातल्या सूर्यभानने "तार हाय" म्हणून हाक दिली तेव्हा. तार लष्कराची, इंग्रजीत. घरात ती वाचू शकणारी मी एकटी, आणि मी ती उघडलीच नाही. सूर्यभानला गप्प राहायची शपथ घातली आणि ती देव्हाऱ्यात पाटाखाली सरकवली. नऊ दिवस तिच्याकडे न बघता दिवा लावते आहे. आज ती ह्या पाकिटात घातली आहे. तू वाच. सोमवारी भेटशील तेव्हा बातमी बरी असो की वाईट, चेहऱ्यावर दिसू देऊ नकोस. बांगड्या तूच फोड. प्लास्टर वाळलं की मग सांग. तोवर हात मोडला म्हणूनच त्या फोडल्या, एवढं मला धरून राहू दे.

तुझीच,
पुष्पावती