सतरावी पायरी

पवनी, मंगळवार, दिवेलागणीला

मी पाठवलेला कोडमधला बदल आज परत आला. कर्नलकडून, म्हणजे संगणक चालवणाऱ्या गाभ्याकडून, बाकीचे प्रोग्राम नेटवर्कची जी माहिती घेतात, तिच्या रांगेत मी एक नवी जागा मधेच घातली होती. तपासणाऱ्या बाईंनी एवढंच लिहिलं, की जुने प्रोग्राम जागा मोजून वाचतात, ते चुकतील. राग आला. त्या जुन्या प्रोग्रामांनी का नाही बदलायचं?

मग काकांना घेऊन घाटावर गेलो. डोळे गेल्यापासून ते पायऱ्या मोजत उतरतात आणि सतरावीवर बसतात. त्यांचं पुटपुटणं ऐकताना वाटलं, जुने प्रोग्रामही कुठेकुठे असेच पुटपुटत उतरत असतील.

"काका, मधात एक नवी पायरी टाकली तं?"

"तं पडीन ना बाप्पा. मले कोन सांगन?"

वैनगंगा ओसरली होती. सतरावीच्या खाली आणखी दोन पायऱ्या उघड्या पडल्या होत्या, ओल्या, हिरव्या. काका मात्र आपल्या जागी निवांत.

"खाली दोन नव्या निघाल्या. नेऊ तुमाले?"

"कायले? ज्याले पाह्यजे तो उतरन. माही सतरावी जाग्यावर हाये ना?"

घरी येऊन नवी जागा रांगेच्या शेवटी नेली. जुन्यांना कळणारही नाही, की खाली पायरी आहे.