शिकणं संपलं म्हणून कसं लिहू?

घनसावंगी, मंगळवार, सांजवेळ, १९७५

चार दिवस वही उघडलीच न्हाई. कंटाळा, दुसरं काय! आज डोकं तापलंय म्हणून बसलो.

कापसाच्या गोदामात कारकुनाची जागा निघालीय. अर्ज इंग्रजीत पाहिजे, म्हणून सकाळी मोमीन मास्तरांकडं गेल्तो. निजामाच्या वेळेला ते उर्दूतून इंग्रजी शिकले, अजून तसंच शिकवतात. मी लिहिलेलं 'आय हॅव बीन लर्निंग इंग्लिश'. त्यांनी ते खोडून वर 'आय हॅव लर्न्ट इंग्लिश' लिहिलं.

"म्हंजे सीख चुका हूँ. काम पुरं! तुझं आपलं सीखता आ रहा हूँ. ते कधी संपायचं बेटा?"

"संपलं न्हाई ना मास्तर अजून."

"शिकणाऱ्याला कोण नोकरी देतंय? आधीच तू एका गावात महिनाभर टिकत न्हाईस!"

खरंय. परभणी, मनमाड, मधी सर्कशीत सहा दिवस. तिथला हत्ती काय भारी होता! असो, तो राहू दे. सातवीत शाळा सुटली, गावं सुटली, पण जाईन तिथं इंग्रजी पाट्या वाचून राह्यलो. हे एकच सुटलं न्हाई. मंग संपलं म्हणून खोटं कशाला लिहू? नोकरीसाठी?

मास्तरांनी खोडलं ते मी परत लिहिलं, चांगलं ठळक. दुपारी अर्ज गोदामात देऊन आलो. जागा गेली तर गेली. बिलकुल पस्तावणार न्हाई. थोडी धाकधूक आहे, पण ती काय कुणाला दिसते?

दारात सायकल थांबली. गोदामाचे साहेब! स्वतः! हातात माझा अर्ज. घरमालकिणीला विचारून राह्यले, "अजून शिकतोय म्हणणारा तो कोण?"